इंग्रज उमरावांची घरगुती पत्रे कशी वाचावीत: अठराव्या शतकाकडे पहिल्यांदा वळणाऱ्यांसाठी

अठराव्या शतकातल्या इंग्लंडविषयी वाचणाऱ्याला पार्लमेंट, युद्धे आणि कंपनीचा व्यापार यांची माहिती सहज मिळते. पण तीच माणसे घरी कशी वागत होती, मुलीचे लग्न कशावर अडले होते, कारभाऱ्याचा हिशेब का तुंबला होता, कुणाच्या बाळंतपणाला कोणती बहीण धावली होती, हे जाणून घ्यायचे तर त्यांच्या खाजगी पत्रांकडेच वळावे लागते. अशी पत्रे मोठ्या संख्येने छापलेली आहेत आणि त्यांतली बरीच आता घरबसल्या वाचता येतात; तरीही नवा वाचक थोड्याच पानांत कंटाळून पुस्तक मिटतो. नावांची गर्दी, मध्येच बदलणारे किताब, न जुळणाऱ्या तारखा आणि कसलाही खुलासा न करता आलेली घरकामे यांत त्याचा धागा सुटतो. पुढे दिलेला क्रम हा धागा हाती राहावा म्हणून आहे. या सगळ्यामागे माझा आग्रह एकच आहे. ही पत्रे भावनांचे उतारे म्हणून वाचू नयेत. घर चालवण्याचे कागद म्हणून वाचावीत. तशी वाचली की त्यांतली माया, राग आणि लाजसुद्धा अधिक खरेपणाने समोर येते.

सुरुवात एकाच घराण्यापासून करावी

निवडक पत्रांच्या संग्रहापासून सुरुवात करू नये. अशा संग्रहात प्रत्येक घराण्यातली दोन-चार चटकदार पत्रे असतात आणि वाचक कोणत्याच घरात स्थिरावत नाही. त्याऐवजी ज्या घराण्यातल्या अनेकांची पत्रे टिकली आहेत असे एकच घराणे घ्यावे. माझ्या मते नवशिक्याला रिचमंडच्या दुसऱ्या ड्यूकच्या मुलींइतके चांगले घराणे दुसरे नाही. हा ड्यूक चार्ल्स लेनॉक्स म्हणजे राजा दुसरा चार्ल्स याच्या अनौरस मुलाचा मुलगा. त्याच्या कॅरोलाइन (जन्म १७२३), एमिली (१७३१), लुइझा (१७४३) आणि सारा (१७४५) या मुलींनी एकमेकींना दशकानुदशके पत्रे लिहिली. कॅरोलाइन लंडनजवळच्या हॉलंड हाऊसमध्ये राहत होती, एमिली आयर्लंडमध्ये कार्टन येथे, लुइझा तिथून जवळच्याच कॅसलटाउनमध्ये, आणि साराचे आयुष्य या सगळ्या घरांमधून भटकत गेले. मधला समुद्र ओलांडून सल्ले, तक्रारी, कापडाचे नमुने आणि मुलांच्या तब्येतीच्या बातम्या जात-येत राहिल्या. या बहिणी एका गावात राहिल्या असत्या तर आपल्या हाती काहीच आले नसते.

आपल्याकडच्या वाचकाला या घराण्याशी एक ओळखीचा दुवाही सापडतो. सारा ही चार्ल्स नेपियरची आई. मुंबई इलाख्यात पुण्याला लष्करी अधिकारपदावर आलेला आणि १८४३ मध्ये सिंध बळकावणारा तो सेनापती हाच. त्याचे बालपण कोणत्या घरात आणि किती ओढगस्तीत गेले, हे त्याच्या आईच्या पत्रांतून समजते.

वंशावळ आणि किताबांची वही आधी तयार करावी

पहिले पत्र उघडण्याआधी एका कागदावर वंशावळ काढून ती समोर ठेवावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण टाळले तर पुढे प्रत्येक पानावर अडायला होते. लेनॉक्स घराण्यात नुसता 'चार्ल्स' असा उल्लेख आला तर तो बहिणींचा भाऊ म्हणजे तिसरा ड्यूक असू शकतो, कॅरोलाइनचा मुलगा चार्ल्स जेम्स फॉक्स असू शकतो, साराचा पहिला नवरा सर चार्ल्स बनबरी असू शकतो, एमिलीचा एक मुलगा असू शकतो, किंवा साराचा वर सांगितलेला मुलगा असू शकतो. कोणता चार्ल्स ते तारीख आणि प्रसंग पाहूनच ठरवावे लागते.

किताबांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण माणूस तोच राहतो आणि नाव बदलत जाते. एमिली १७४७ मध्ये लग्न होऊन किल्डेअरची काउंटेस (अर्लची बायको) झाली, १७६१ मध्ये मार्शनेस (मार्क्विसची बायको) झाली आणि १७६६ मध्ये लीन्स्टरची डचेस (ड्यूकची बायको) झाली. कॅरोलाइनला १७६२ मध्ये स्वतःच्या नावाने बॅरोनेस हॉलंड हा किताब मिळाला आणि तिच्या नवऱ्याला, हेन्री फॉक्सला, पुढच्या वर्षी बॅरन हॉलंड हा. म्हणून वहीत प्रत्येक व्यक्तीसमोर कोणत्या वर्षापासून कोणते नाव हे लिहून ठेवावे. एक नियम पाठ केला तर बराच गोंधळ मिटतो. ड्यूक, मार्क्विस किंवा अर्ल यांच्या मुलीला जन्मानेच 'लेडी' ही उपाधी असते आणि ती तिच्या पाळण्यातल्या नावाला जोडली जाते. ती सामान्य माणसाशी लग्न झाले तरी जात नाही. म्हणून 'लेडी सारा बनबरी' आणि दुसऱ्या लग्नानंतर 'लेडी सारा नेपियर'. जिला ही उपाधी केवळ नवऱ्याच्या सर किंवा बॅरोनेट असण्याने मिळते, तिच्या बाबतीत ती आडनावाला जोडतात. ड्यूकच्या थोरल्या मुलाला बापाच्या दुय्यम किताबांपैकी एक वापरता येतो, आणि थोरला भाऊ वारला की धाकट्याचे नाव एका रात्रीत बदलते. एमिलीचा थोरला मुलगा जॉर्ज १७६५ मध्ये सतराव्या वर्षी गेला, तेव्हा त्याच्या पाठचा विल्यम वारस झाला आणि पत्रांतले त्याचे नावही बदलले.

नात्यांच्या बाबतीत आपली भाषा फार काटेकोर आहे, म्हणून इथे विशेष सावध राहावे. दीर, मेहुणा आणि साडू या तिघांनाही ही मंडळी सर्रास 'भाऊ' म्हणतात, सासूला 'आई' म्हणतात आणि दूरच्या कुठल्याही नातलगाला 'कझिन'. 'फॅमिली' या शब्दात घरचे नोकरचाकरही धरलेले असतात. हाऊसकीपर अविवाहित असली तरी तिला 'मिसेस' म्हणण्याची रीत होती, त्यामुळे तिच्या नवऱ्याचा शोध घेत बसू नये.

तारीख पारखून घ्यावी

१७५२ पर्यंत इंग्लंड जुने ज्युलियन पंचांग वापरत होते आणि युरोपातील बहुतेक देश नवे ग्रेगोरियन. दोन्हींत अकरा दिवसांचे अंतर होते. शिवाय इंग्लंडमध्ये कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या चोवीस दिवसांतल्या पत्रांवर '१७४७/८' असे जोडवर्ष आढळते, किंवा नुसते जुने वर्ष आढळते आणि ते आपल्या हिशेबाने पुढचे धरावे लागते. १७५२ मध्ये २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर उजाडला आणि हा घोळ संपला. ही सुधारणा पार्लमेंटमध्ये मांडणारा लॉर्ड चेस्टरफील्ड पुढे आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रांसाठीच अधिक प्रसिद्ध झाला. मुलगा परदेशात शिकत असल्याने त्या पत्रांवर जुन्या आणि नव्या पद्धतीची खूण मुद्दाम केलेली दिसते. सुहूर सन आणि चांद्र तारखा जुळवत ज्यांनी पेशवाईचे कागद वाचले आहेत त्यांना हे काम जड जाणार नाही.

याहून मोठी अडचण म्हणजे घरच्या पत्रांवर बऱ्याचदा पूर्ण तारीखच नसते. 'मंगळवार सकाळ' किंवा 'गुरुवार रात्री' एवढेच असते, कारण पत्र घेणाऱ्याला वर्ष सांगण्याची गरज नव्हती. छापील संग्रहात कंसात दिलेले वर्ष हा संपादकाचा अंदाज असतो. तो पत्रातल्या जन्म, मृत्यू, लग्न किंवा सार्वजनिक घटनेशी ताडून पाहावा आणि जुळत नसेल तर तसे वहीत नोंदवावे.

कागद आणि टपाल यांची रीत समजून घ्यावी

या काळात पाकीट वापरत नसत, कारण टपालाचे शुल्क अंतर आणि कागदांची संख्या यांवरून ठरे आणि पाकीट म्हणजे आणखी एक कागद. नेहमीचे पत्र म्हणजे मध्ये दुमडून चार पाने केलेला एक मोठा ताव. पहिल्या तीन पानांवर मजकूर असतो. चौथ्या पानाच्या मधल्या भागावर पत्ता येईल अशी घडी घालून ती लाखेने बंद केलेली असते. पत्ता असलेल्या भागाच्या वरच्या आणि खालच्या घड्यांवर जागा उरे, आणि तिथे शेवटच्या क्षणी आठवलेल्या गोष्टी दाटीने लिहिलेल्या सापडतात. नवशिक्याने त्या ओळी कधीही सोडू नयेत. तीन पाने कुशल आणि दरबारी वार्ता लिहून झाल्यावर दाईला काढून टाकल्याची किंवा पैसे संपल्याची खरी बातमी बऱ्याचदा तिथेच आलेली असते. लाख फोडताना कागद फाटून पडलेले भोकही पाहावे. छापील प्रतीत मध्येच टिंबे दिसली तर त्यांचे कारण प्रत्येक वेळी लपवाछपवी नसते, कधी ते नुसते भोक असते.

टपालाचे पैसे सहसा घेणारा देत असे. १७११ च्या कायद्याने एका तावाच्या पत्राला ऐंशी मैलांपर्यंत तीन पेन्स, त्यापुढे चार आणि लंडनहून डब्लिनला सहा पेन्स पडत. दोन ताव असतील तर दुप्पट. उमरावांना आणि पार्लमेंटच्या सभासदांना मात्र स्वतःच्या सहीने पत्र मोफत पाठवण्याची सवलत होती आणि तिचा फायदा सगळे गणगोत घेई. एखादी बहीण दुसरीला 'अमक्या लॉर्डच्या नावाने पाठव' असे सांगते तेव्हा त्यामागे कोणतेही कारस्थान नसते, फक्त सहा पेन्स वाचवायचे असतात. हा गैरवापर इतका बोकाळला की १७६४ मध्ये संपूर्ण पत्ता सभासदाच्याच हातचा असावा आणि १७८४ मध्ये त्यावर ठिकाण व तारीखही त्यानेच घालावी अशी बंधने आली. त्यामुळे १७८४ नंतरच्या अशा पत्रांवर लेखिकेने तारीख टाकली नसली तरी बाहेरच्या बाजूला ती मिळू शकते. लंडनच्या टपाल कचेरीचा महिना आणि दिवस दाखवणारा छोटा गोल शिक्काही याच कामी येतो.

आयर्लंडची पत्रे वाचताना वाऱ्याचा विचार करावा लागतो. होलीहेडहून सुटणारी टपालाची जहाजे वारा प्रतिकूल असेल तर दिवसचे दिवस अडकून पडत आणि मग चार-चार पत्रे एकदम हाती येत. कॅरोलाइनने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एमिलीच्या पुढच्या पत्रात नाही म्हणून तिने तो टाळला असा निष्कर्ष काढण्यापूर्वी, प्रश्न तिच्यापर्यंत पोचला होता का हे दोन्ही तारखांवरून तपासावे.

लग्न म्हणजे आधी पैशाचा करार

पत्रांतला सर्वांत समृद्ध आणि नव्या वाचकाला सर्वांत दुर्बोध भाग हा आहे. मोठ्या घराण्याची जमीन बहुधा अशा कराराने बांधलेली असे की सध्याचा मालक तिचे उत्पन्न खाऊ शके, पण ती विकू शकत नसे. त्याच्यामागे ती थोरल्या मुलाकडे जाई. थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वेळी हा करार नव्याने होई आणि त्याच वेळी इतर सगळ्यांची व्यवस्था लावली जाई. बायकोला हातखर्चासाठी दरसाल किती नेमणूक मिळणार, ती विधवा झाल्यास तिचे वर्षासन किती, अजून जन्मालाही न आलेल्या धाकट्या मुलांना आणि मुलींना किती रक्कम मिळणार, हे सगळे विश्वस्त नेमून कागदावर येई. लग्नानंतर कायद्याच्या दृष्टीने बायकोची स्वतंत्र मालमत्ता जवळजवळ उरत नसे, त्यामुळे या करारात जे लिहून घेतले तेवढाच तिचा आधार. म्हणून प्रेमपत्रात मध्येच जमिनीचा विषय निघाला तर त्याने दचकू नये आणि लिहिणाऱ्याला लोभी ठरवू नये.

लेडी मेरी वर्टली माँटॅग्यू हिची लग्नापूर्वीची पत्रे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. तिच्या वडिलांची अट अशी होती की जावयाने आपली मिळकत पुढे होणाऱ्या पहिल्या मुलाच्या नावे बांधून द्यावी. एडवर्ड वर्टली माँटॅग्यूला हे तत्त्वतःच मान्य नव्हते, कारण तो मुलगा कसा निघेल हे कुणालाच ठाऊक नव्हते. बोलणी फिसकटली, वडिलांनी दुसरे स्थळ ठरवले आणि १७१२ मध्ये मेरी एडवर्डबरोबर पळून गेली. तिच्या पत्रांत जी घालमेल दिसते ती प्रेमाची आहेच, पण पळून जाणे म्हणजे करार आणि त्याबरोबर येणारे सगळे संरक्षण सोडून जाणे, याची पुरेपूर जाणीवही त्या प्रत्येक ओळीत आहे.

लेनॉक्स घराण्यातही हेच घडले. कॅरोलाइनने मे १७४४ मध्ये, आपल्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठ्या आणि कुळाने खालच्या मानलेल्या हेन्री फॉक्सशी गुपचूप लग्न केले. आईवडिलांनी तिचे तोंड पाहिले नाही आणि धाकट्या बहिणींना तिच्याशी संबंध ठेवायला मनाई केली. हा अबोला १७४८ मध्ये मिटला, तोही एका पत्राने. मधल्या काळात एमिलीचे लग्न झाले, ती बापाच्या हुकमतीबाहेर गेली आणि तिला पहिला मुलगाही झाला; हे सगळे वंशावळीच्या कागदावर तारखांसह मांडले की बापाचे मन कोणत्या परिस्थितीत वळले ते आपोआप दिसते. १७५३ मध्ये लग्नाचा नवा कायदा आला. एकवीस वर्षांखालील मुलामुलींना परवान्याने लग्न करायचे तर वडिलांची संमती लागेल असे त्याने ठरवले, आणि या कायद्याला हाउस ऑफ कॉमन्समध्ये कडाडून विरोध करणाऱ्यांत हेन्री फॉक्स आघाडीवर होता. घरातली गोष्ट आणि राज्यकारभार यांच्यातले हे दार घरगुती पत्रांतूनच उघडते.

पैशाच्या रकमा वाचताना वीस शिलिंगांचा पौंड, बारा पेन्सांचा शिलिंग आणि एकवीस शिलिंगांची गिनी हे गणित लक्षात ठेवावे. रकमेचे मोल मात्र आजच्या चलनात बदलून पाहण्यापेक्षा त्याच घरातल्या दुसऱ्या रकमेशी ताडावे. घरकामाच्या मुलीला वर्षाला दहा पौंडांच्या आतच पगार असे. आणि कॅरोलाइनच्या मुलाचे, चार्ल्स जेम्स फॉक्सचे, जुगाराचे कर्ज फेडताना बापाने १७७३-७४ च्या सुमारास सुमारे १,४०,००० पौंड मोजले. या दोन आकड्यांतले अंतर समजले की आईच्या पत्रांतली काळजी किती मोठी होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

बाळंतपण, मुले आणि आजार

एमिलीला पहिल्या लग्नापासून एकोणीस आणि दुसऱ्या लग्नापासून तीन मुले झाली. पंचवीसेक वर्षे ती जवळजवळ सतत गरोदर होती किंवा बाळंतपणातून उठत होती, आणि तिला आलेली पत्रे या चक्राला धरूनच लिहिलेली आहेत. बाळंतिणीने महिनाभर खोलीत राहावे, त्या काळात बहीण किंवा आई जवळ असावी अशी रीत होती. त्यामुळे लंडनचा मुक्काम, प्रवास, खरेदी आणि भेटी यांचे बेत दिवस मोजून ठरत. ज्याला हे माहीत नाही त्याला एखादी बहीण अचानक प्रवास रद्द का करते हे कळत नाही. पत्रात दिवस गेल्याचा उल्लेख आडवळणाने असतो, म्हणून वहीत मुलांच्या जन्मतारखा लिहून नऊ महिने मागे मोजावे. बऱ्याच गूढ वाक्यांचा उलगडा होतो.

मुलाला अंगावर पाजायचे की दाई ठेवायची हा प्रश्न या घरांत साधा नव्हता. डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना हिने १७८३ मध्ये आपल्या पहिल्या मुलीला स्वतः पाजण्याचा हट्ट धरला तेव्हा सासरच्यांना ते रुचले नाही. त्याचे कारण तिने आईला स्पष्ट लिहिले आहे: त्यांना लवकर मुलगा हवा होता, आणि पाजणे चालू असेपर्यंत पुन्हा दिवस राहायला उशीर होईल अशी त्यांची धारणा होती. वारसाहक्काचा करार आणि तान्ह्या मुलीचे दूध यांचा संबंध इतक्या थेटपणे दुसऱ्या कुठल्या कागदात सापडणार?

मुलांच्या शिक्षणाविषयीची पत्रे वाचताना ती कुणासाठी लिहिली आहेत हे पाहावे. लेडी मेरीने १७५३ मध्ये इटलीहून आपल्या मुलीला, लेडी ब्यूटला, नातीच्या शिक्षणाविषयी लिहिले की तिला भरपूर शिकू द्यावे, पण एखादे व्यंग लपवावे तितक्या काळजीने तिने ती विद्या लपवावी. हा सल्ला स्वतःच्या विद्वत्तेची किंमत मोजलेल्या आजीचा आहे. एमिलीने रूसोच्या विचारांना धरून आपल्या मुलांना समुद्रकाठी ब्लॅक रॉक येथे मोकळ्या हवेत ठेवले आणि शिकवायला विल्यम ओगिल्व्ही हा स्कॉटिश शिक्षक नेमला. ड्यूक १७७३ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी डचेसने त्या शिक्षकाशी लग्न केले. आधीच्या काळातल्या पत्रांत 'शिक्षक' म्हणून येणारा माणूस नंतर मेहुणा म्हणून येऊ लागतो, तेव्हा बहिणींची भाषा कशी जपून पावले टाकते ते सलग वाचणाऱ्यालाच जाणवते.

नोकर, खरेदी आणि दोन घरांमधली ये-जा

पार्लमेंटचे अधिवेशन चालू असताना लंडनमध्ये आणि एरवी गावाकडच्या मोठ्या घरी, असा या मंडळींचा वर्षक्रम होता. त्यामुळे घर कायम हललेले असे आणि हुकूम पत्रानेच द्यावे लागत. कारभारी, हाऊसकीपर, बटलर, फ्रेंच स्वयंपाकी, कपडे धुणाऱ्या मुली, गाडीवान आणि दाया यांचे उल्लेख यातूनच येतात. १७७७ मध्ये दर पुरुष नोकरामागे वर्षाला एक गिनी कर बसला, तेव्हा फुटमन किती ठेवायचे हा हिशेबाचा विषय झाला. नोकरांचे स्वतःचे म्हणणे मात्र मालकिणीच्या पत्रांत क्वचितच मिळते. कारभाऱ्याची पत्रे, पगाराची वही आणि दुकानदारांच्या पावत्या त्याच दप्तरात वेगळ्या गठ्ठ्यात असतात. त्या जोडीने पाहिल्या तरच 'ती फार उद्धट आहे' या वाक्यामागे थकलेला पगार आहे की आणखी काही, हे कळू शकते.

खरेदीच्या याद्यांत 'इंडिया पेपर' असे आले की आपण लगेच भारताकडे पाहतो. तो बहुधा चीनमध्ये हाताने रंगवलेला भिंतीचा कागद असतो. कंपनीच्या जहाजांतून आल्याने त्याला ते नाव पडले. कार्टनमध्ये एमिलीने सजवलेली चिनी खोली अशाच कागदाची आहे. छापील सुती कापड मात्र खरोखर भारताचे असू शकते, आणि त्याच्या वापरावर इंग्लंडमध्ये १७२१ च्या कायद्याने बंदी होती, जी १७७४ मध्ये उठली. या काळातल्या पत्रात छिटाच्या कापडाची मागणी दिसली तर ते कुठून आणि कोणामार्फत मिळवले जाते हे अवश्य पाहावे.

दोन साक्षी लावाव्यात, आणि न लिहिलेलेही पाहावे

कोणतीही गोष्ट एकाच पत्रावरून पक्की धरू नये. १७६१ मध्ये तरुण राजा तिसरा जॉर्ज साराच्या प्रेमात पडला आहे असे सगळ्यांना वाटत होते, आणि अचानक त्याचे लग्न जर्मन राजकन्येशी ठरले. हेन्री फॉक्सने आपल्या आठवणींत लिहिले की साराला राजापेक्षा तिची पाळलेली खार मेल्याचे दुःख अधिक झाले. हे वाक्य इतके गोड आहे की प्रत्येक चरित्रकार ते उचलतो. पण साराने त्याच जुलै महिन्यात आपली मैत्रीण लेडी सुसान हिला लिहिलेले पत्र शेजारी ठेवावे. तिथे राजाच्या दुटप्पी वागण्याचा तिला आलेला राग स्पष्ट आहे, आणि सुदैवाने आपले त्याच्यावर प्रेम नव्हते असेही ती सांगते. सोळा वर्षांची दुखावलेली मुलगी मैत्रिणीशी बोलते आहे आणि मेहुण्याला फक्त खार दिसते आहे. दोन्ही कागद खरे आहेत. ते वेगवेगळ्या जागी उभे राहून लिहिलेले आहेत. राजाच्या लग्नात ही सारा करवली म्हणून उभी होती हे लक्षात घेतले की त्या पत्राचे वजन आणखी वाढते. पुढे १७६९ मध्ये तिने नवऱ्याचे घर सोडले, १७७६ मध्ये पार्लमेंटच्या स्वतंत्र कायद्याने तिचा घटस्फोट झाला आणि मधली वर्षे तिने भावाच्या आश्रयाने, समाजापासून दूर काढली. त्या काळातली तिची पत्रे या सगळ्या पत्रव्यवहारातली सर्वांत प्रामाणिक पत्रे आहेत असे मला वाटते.

मौनाचे उदाहरण चेस्टरफील्डचे. कसे बसावे, कसे बोलावे, कुणाशी मैत्री करावी यांवर त्याने आपल्या अनौरस मुलाला वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. १७६८ मध्ये मुलगा वारला तेव्हा त्याला बायको आणि दोन मुलगे आहेत हे बापाला पहिल्यांदा कळले. १७७४ मध्ये ती पत्रे छापायला देणारी हीच सून.

कोणते कागद उरले आणि कुणी उरू दिले, हा प्रश्नही विचारावा. लेडी ब्यूटने आईची रोजनिशी स्वतःच्या मृत्यूपूर्वी जाळली. लेडी मेरीची तुर्कस्तानातली पत्रे तिने स्वतः नंतर नीट रचून ठेवली होती आणि ती तिच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापली गेली. देवीच्या टोचणीचे तिचे प्रसिद्ध वर्णन त्यांतलेच आहे. तिने आपल्या मुलाला कॉन्स्टँटिनोपलमध्ये आणि मुलीला १७२१ मध्ये लंडनमध्ये टोचून घेतले ही वस्तुस्थिती आहे, पण पत्राची भाषा त्याच दिवशीची आहे असे धरून चालता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी गरोदरपण, कर्जे आणि व्यभिचार यांचे उल्लेख बरेचदा गाळले. म्हणून शक्य असेल तिथे विसाव्या शतकातली आवृत्ती घ्यावी आणि जुन्या आवृत्तीत टिंबे किंवा एकदम बदललेला विषय दिसला की तिथे खूण करून ठेवावी.

छापील पत्रांकडून मूळ कागदांकडे

त्या काळातला विख्यात पत्रलेखक होरेस वॉलपोल याच्या पत्रव्यवहाराची येल विद्यापीठाने काढलेली अठ्ठेचाळीस खंडांची आवृत्ती जालावर विनामूल्य खुली आहे. तिच्या तळटीपा म्हणजे त्या काळातल्या माणसांचा कोशच, त्यामुळे कुणी अनोळखी लॉर्ड किंवा लेडी आली की आधी तिथे शोधावे. साराची पत्रे १९०१ साली छापली गेली आणि जुन्या पुस्तकांच्या सार्वजनिक संग्रहांत ती मिळतात. मूळ कागद पाहायचे असतील तर लीन्स्टर घराण्याची पत्रे डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, हॉलंड हाऊसचे दप्तर ब्रिटिश लायब्ररीत आणि गुडवुडचे, म्हणजे रिचमंड घराण्याचे, कागद चिचेस्टर येथील वेस्ट ससेक्सच्या अभिलेखागारात आहेत. इतर घराण्यांसाठी लंडनमधील क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची पाहावी. कोणते दप्तर कोणत्या परगण्यात आहे ते तीत समजते.

मूळ अक्षर वाचायला सुरुवात करताना ज्याची छापील प्रत हाती आहे असेच पत्र निवडावे आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळीओळीने जावे. शब्दाच्या मध्ये येणारा लांब एस हा एफसारखा दिसतो. नेहमीचे शब्द पहिले आणि शेवटचे अक्षर ठेवून आखडलेले असतात आणि शेवटचे अक्षर बारीक करून वर चढवलेले असते. शब्दलेखन मोठ्या घरच्या बायकांचेही ऐकीव असते, म्हणून अडलेला शब्द मोठ्याने उच्चारून पाहावा. प्रत मागवताना दप्तराचे नाव, गठ्ठ्याचा क्रमांक आणि पानांचे क्रमांक तिन्ही द्यावेत, आणि आतल्या मजकुराबरोबर पत्ता व शिक्का असलेल्या बाहेरच्या बाजूचीही प्रत हवी असे स्पष्ट लिहावे.